हसुराम भाऊजींची निवटी

हसुराम भाऊजी समोर आलेल्या माणसाला 'कसा हायस' असं कधी विचारत नसत. त्याला वरपासून खालपर्यंत बघायचे आणि निकाल देऊन मोकळे व्हायचे. "चढलाय." नाहीतर, "उतरला." माणूस चढलेला असला की त्यापुढे ठरलेलं वाक्य यायचं, "तीन डाव. मंग परत हाय तोच."

हळदीच्या मांडवात डोळ्यांना काळा चष्मा लावून स्पीकरपुढे नाचणारा नवरा दिसला की भाऊजी शेजारच्याला सांगायचे, "चढलाय." निवडणुकीत उमेदवार दारात येऊन म्हाताऱ्यांच्या पाया पडायला लागला की त्याच्या तोंडावर म्हणायचे, "चढलास बाला. वाकून घे, तीन डाव हायत." उमेदवार हसायचा. निवडून आल्यावर तो त्यांच्या अंगावर धूळ उडवत जीपने गेला, तेव्हा भाऊजींनी नुसती तीन बोटं वर केली.

हे माझे धाकटे दीर. आमचं गाव पूर्णा, भिवंडीच्या अंगाला. दोन हजार सालानंतरच्या चार-पाच वर्षांत गावातली शेतं एकेक करून पत्र्याखाली गेली. आमच्याही शेतावर गोदाम उभं राहिलं आणि त्या गोदामाला वॉचमन म्हणून हसुराम भाऊजी लागले. आधी ते भिवंडीत लूमवर होते. आता जिथे आमची भातं पिकायची, तिथेच निळा शर्ट आणि टोपी घालून खुर्चीवर बसायचे. "शेताची राखन तवाबी करायचो, आताबी करतो," म्हणायचे. "तवा पाखरं हाकायचो, आता ड्रायव्हर हाकतो."

हे चढण्या-उतरण्याचं खूळ त्याच गोदामातून आलं. एकदा खेळण्यांचा माल उतरवताना एक खोका दबला. दबलेला माल दुकानात जात नाही, म्हणून सुपरवायझरने तो कामगारांत वाटला. भाऊजींच्या वाट्याला तळहाताएवढं पिवळं यंत्र आलं. दोन पेन्सिल सेल घातले की त्याच्या पडद्यावर राक्षस यायचे आणि एकमेकांना मारायचे. पडद्यावरची अक्षरं चिनी की जपानी, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. भाऊजींनी सहा महिने बटणं दाबदाबून खेळाचे सगळे नियम एकट्याने शोधून काढले. राक्षसांची नावंसुद्धा त्यांनीच ठेवली. नांग्यांचा, खेकड्यासारखा तो चिंबोरी. मोठ्या तोंडाचा, माशासारखा तो जिताडा. आणि चिखलात लोळणारा, बटबटीत डोळ्यांचा, सगळ्यात मरतुकडा दिसणारा तो निवटी. आमच्या खाडीच्या चिखलात उड्या मारते तीच निवटी मासळी.

खेळ सोपा होता. दोघांनी एकेक जनावर घ्यायचं, एकाने बटण दाबून वार करायचा आणि यंत्र दुसऱ्याच्या हातात द्यायचं. पडद्याच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका लुकलुकायचा. त्याला आणि त्याच्याखालच्या बटणाला भाऊजी खडा म्हणत. खडा खेळात एकदाच दाबता यायचा; दाबला की तुमचं जनावर फुगायचं, त्याला पंख फुटायचे, तोंडातून जाळ निघायचा. बघता बघता समोरचा अर्धमेला व्हायचा. पण हे सगळं तीनच डाव. चौथ्या डावाला ते जनावर परत होतं तसं व्हायचं आणि वर दमून एक डाव गप पडायचं.

हे कळल्यापासून भाऊजींना अख्खा भिवंडी तालुका तसाच दिसायला लागला.

मीसुद्धा. त्या वर्षी मी सत्तेचाळीस वर्षांची होते आणि चांगलीच चढले होते. जमिनीचे पैसे आले होते, जुन्या घरासमोर दोन मजली बंगला झाला होता. बंगल्यात संगमरवर होता, त्यावरून मी पहिल्याच महिन्यात दोनदा आपटले, पण 'जरा गुळगुळीत आहे' म्हणून कौतुकानेच सांगायचे. सोफ्याचं प्लास्टिक काढलं नव्हतं. भिवंडीत पार्लरमध्ये जाऊन केस सरळ करून घेतले होते, ते पाण्याला भिऊन मी आठ दिवस डोक्यावरून आंघोळ करत नसे. गळ्यातला हार इतका जड की मासळी साफ करायला वाकले की तो आधी ताटात जायचा. अंगणात कारंजं होतं, सिमेंटच्या दोन हंसांचं. त्यातल्या एकाच्याच चोचीतून पाणी यायचं. आणि सगळ्यात कहर म्हणजे मी 'हाय-न्हाय' सोडून 'आहे-नाही' बोलायला लागले होते. राग आला की मात्र सगळं 'आहे' वाहून जायचं.

वास्तुशांतीला मी भाऊजींना ताट वाढायला गेले. त्यांनी केसांपासून पैंजणांपर्यंत मला बघितलं. म्हणाले, "वयनी, पयला डाव."

मी पेटले. या माणसाला त्याच्याच खेळात हरवायचं ठरवलं आणि दुपारी भाकरी द्यायच्या निमित्ताने मागे जाऊन त्यांच्याकडूनच खेळ शिकले.

मागे म्हणजे बंगल्याच्या मागची जुन्या घराची एक खोली आणि पुढचा ओटा. बाकीचं घर आम्ही पाडलं होतं, तेवढं भाऊजींनी पाडू दिलं नव्हतं. तिथे ते एकटे राहायचे. ओट्यावरही त्यांचे नियम. डाव्या कोपऱ्यात कुणी बसायचं नाही, कप ठेवायचा नाही. तिथे सिमेंटात एक पाऊल उमटलेलं होतं. त्यांची बायको मंजुळा, माझी धाकटी जाऊ, निवट्या पकडायला खाडीत जायची. ओटा नवा केला त्या दिवशी ती टोपली डोक्यावर घेऊन चिखलाच्या पायांनी आली आणि तशीच ओल्या सिमेंटावर चढली. मी तिला गल्लीभर ऐकू जाईल असं बोलले होते. ती म्हणाली, "बाय, तुमचा पाय नाजूक, तो उमटला नसता." मंजुळा जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती.

तर त्या ओट्यावर आमचे डाव रंगायचे. मी कायम चिंबोरी घ्यायचे आणि खेळ सुरू झाला की पहिल्या दमाला खडा दाबायचे. चिंबोरीला दहा नांग्या फुटायच्या. भाऊजी म्हणायचे, "वयनी, अजून बसलाव पन न्हाय." मी म्हणायचे, "मला थांबायची सवय नाही आहे." ते कायम निवटी घ्यायचे. आणि खडा दाबायचेच नाहीत. निवटी बिचारी चिखलातून मान वर काढून मार खायची, अधूनमधून एखादी उडी मारून चिंबोरीला टोचायची आणि मरायची. मी रोज जिंकायचे.

गोदामातले हमालही जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याशी खेळायचे आणि जिंकायचे. त्यांचा मुकादम इस्माईल तर जीव तोडून सांगायचा, "काका, पत्थर दबाओ ना. किसके लिए बचा के रखा है? शादी में देना है क्या?"

भाऊजी म्हणायचे, "हरेगा तो हरेगा."

त्यांची निवटी चढली की कशी दिसते, हे पूर्ण्यात कुणालाच माहीत नव्हतं. इस्माईल म्हणायचा, घोड्याएवढी होत असणार. मला वाटायचं, पंख येत असतील. बघायची इतकी हाव सुटली होती मला की एकदा यंत्र पळवून गुपचूप दाबून बघायचंही मनात आलं. पण ते यंत्र त्यांच्या शर्टाच्या खिशात असायचं, आणि दिराच्या खिशात हात घालण्याइतकी मी चढले नव्हते.

अशात आमच्या ह्यांनी बंगल्याला लागून असलेली जागा दुसऱ्या गोदामासाठी भाड्याने द्यायचं ठरवलं. तिथे कंटेनर वळायला वाट हवी होती आणि वाटेत भाऊजींची खोली येत होती. हे म्हणाले, "हसुराम, वरच्या मजल्यावर ये. खोलीतच बाथरूम हाय, पंखा हाय."

"न्हाय."

"अरे, पावसात गलतं तुजं छप्पर."

"गलू दे."

"येडा हायस काय?"

भाऊजींनी त्यांच्याकडे बघितलं. "दादा, तिसरा डाव हाय तुजा. जपून."

त्यानंतर दोघे भाऊ आठ दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. दोन्हीकडचे निरोप मीच नेत होते आणि नेताना थोडे तिखट करत होते. नवव्या दिवशी माझ्या सुपीक डोक्यातून युक्ती निघाली. म्हटलं, एक डाव खेळू. मी जिंकले तर भाऊजी वर येतील. ते जिंकले तर खोली राहील. हे लगेच तयार झाले, कारण मी हरत नाही हे त्यांना ठाऊक होतं. भाऊजी जरा वेळ ओट्याच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत बसले आणि म्हणाले, "चालंल." मी मनात म्हटलं, सापडले. आता खोलीसाठी तरी खडा दाबावाच लागेल.

शुक्रवारची, गोदामाच्या सुट्टीची दुपार होती. इस्माईल आणि चार हमाल सुट्टी असून आले. हे खुर्ची घेऊन बसले. मी हार घालून बसले, कशासाठी ते देवाला ठाऊक.

मी चिंबोरी घेतली, पहिल्याच डावात खडा दाबला. तीन डावांत निवटीची निम्म्याहून जास्त ताकद गेली. मग माझी चिंबोरी उतरली, दमून पडली, आणि निवटीने उड्या मारायला सुरुवात केली. एक. दोन. मला घाम फुटला. तेवढ्यात भाऊजी तांब्यातलं पाणी प्यायला वळले आणि मी एकाऐवजी दोनदा बटण दाबलं. सरळ चोरी. सत्तेचाळीस वर्षांची बाई, गळ्यात हार, आणि चोरी.

यंत्र त्यांच्या हातात गेलं. निवटी शेवटच्या श्वासावर. कोपऱ्यात लाल ठिपका लुकलुकत होता.

"काका, अब तो दबाओ," इस्माईल म्हणाला. "घर का सवाल है."

भाऊजींचा अंगठा खड्यावर गेला. तिथे थांबला. सगळे वाकून बघत होतो. मग अंगठा बाजूला सरकला, निवटीने एक साधी उडी मारली, आणि त्यांनी यंत्र माझ्या हातात दिलं.

"घ्या वयनी."

मी वार केला. निवटी मेली. हमाल हळहळले. हे उठले, "सोमवारी जेसीबी येल," म्हणाले आणि बंगल्यात गेले. इस्माईल आपल्या माणसांना घेऊन निघून गेला.

मला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. राग आला. "भाऊजी, तुम्ही काय मुद्दाम हरलात? दाबायला काय झालं होतं? घर जातंय तुमचं."

ते यंत्रातले सेल काढत होते. वर न बघता म्हणाले, "वयनी, मंजुली शेवटाला चढलेली. आठवतं?"

आठवलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. महिनाभर अंथरुणाला खिळलेली मंजुळा एका सकाळी उठून बसली. चहा मागितला. दुसऱ्या दिवशी चुलीपाशी बसून निवट्यांचं कालवण केलं. तिसऱ्या दिवशी माझ्याशी भांडली, मी मीठ जास्त घालते म्हणून. मी गावभर सांगत फिरले, मंजुळा बरी झाली. आणि महिनाभर लूमवर खाडे करून तिच्या उशाशी बसलेल्या या माणसाला मीच म्हटलं होतं, "आता ती बरी हाय, बसून काय करता? जावा ड्युटीवर."

ते गेले. मंजुळा गेली तेव्हा ते लूमवर शिफ्टमध्ये होते.

"चढलेली बघून मी गेलो," भाऊजी म्हणाले. "उतरली तवा मी नव्हतो. म्हनून न्हाय दाबत. बाकी काय न्हाय."

मला काही दोष दिला नाही. तो बोलून दाखवला असता तर बरं झालं असतं.

मी तशीच बंगल्यात गेले. हे सोफ्याच्या प्लास्टिकवर बसले होते. म्हटलं, "मी चोरी केली. एका डावाला दोन वार केले. डाव भाऊजींचा हाय. खोली न्हाय पाडायची."

हे बघतच राहिले. 'हाय-न्हाय' ऐकून असेल. "तू कुनाच्या बाजूची हायस?"

"निवटीच्या."

"आन कंटेनर कुठून वलंल?"

मी खिडकीतून बाहेर बघितलं. अंगणात माझे दोन हंस उभे होते, एक पाणी टाकणारा, एक कोरडा.

"हितून वलंल," मी म्हटलं.

सोमवारी जेसीबी आला. हंस गेले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे खोटं सांगणार नाही, पण ते पुसायला लागल्यावर लक्षात आलं की कोरडा हंस मला कधीच आवडला नव्हता.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी भाकरी घेऊन ओट्यावर गेले. हार कपाटात होता. केस धुतले होते, आणि ते परत आपल्या मूळच्या कुरळ्या वळणावर गेले होते. भाऊजींनी वरपासून खालपर्यंत बघितलं.

"उतरल्या वयनी."

"उतरले."

"बरं झालं. मानेला आराम."

मी उजव्या बाजूला बसले. त्यांनी नेहमीप्रमाणे तांब्यातलं थोडं पाणी डाव्या कोपऱ्यातल्या पावलावर ओतलं, हाताने धूळ पुसली. मी भीत भीत विचारलं, "भाऊजी, ते तीन दिवस येतात का हो डोळ्यांसमोर? ती उठून बसली ते?"

त्यांनी यंत्रात सेल घातले. पडदा उजळला, आणि निवटीने चिखलातून बटबटीत डोळे वर काढले.

"न्हाय," ते म्हणाले. "त्याच्या आदली येते. टोपली घेऊन, चिखलात माखलेली."

आणि यंत्र माझ्यापुढे धरलं.

"घ्या. पयला डाव तुमचा. आन आज जरा दमानं दाबा."