वाघाच्या पिंजऱ्यातला चहा

गावच्या प्राणिसंग्रहालयाचे रखवालदार श्रीहरी तापाने वारले, तेव्हा आरोग्य केंद्राचे डॉक्टर प्रशिक्षणाला गेले होते. त्याच दुपारी जनावरांचे डॉक्टर मात्र वेळेवर येऊन नीलगायीचा ताप बघून गेले. यात कोणाला दोष देता येत नाही. दोन्ही खाती नियमानेच चालतात.

नियमानेच श्रीहरींच्या पत्नीला, बायनाबाईंना, अनुकंपा तत्त्वावर नोकरी मिळायला हवी होती. पण पद मंजूर नव्हतं. तेव्हा नगरपंचायतीने मोठ्या मनाने अख्खं प्राणिसंग्रहालयच त्यांना चालवायला दिलं. त्यात ती नीलगाय, थोडे मोर, एक चिडखोर साळिंदर आणि 'वाघ' अशी पाटी लावलेला रिकामा पिंजरा होता.

वाघ फक्त पिंजऱ्यात नव्हता, एरवी चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात वाघाला काय तोटा! रोज संध्याकाळी एक वाघ पडक्या कुंपणातून आत येऊन मोरांकडे बघत बसायचा. म्हणून श्रीहरी आणि बायनाबाई संध्याकाळचा चहा पिंजऱ्यात बसून, आतून कडी लावून प्यायचे. निम्मा संसार त्या गजांआड झाला. श्रीहरी गेल्यावरही बायनाबाई तिथेच बसत, दोन कप भरत, आणि दुसरा गार झाला की तोही पिऊन टाकत. त्या जागेवाचून त्यांना करमत नव्हतं.

आईला सोबत म्हणून लेक सरिता बसू लागली. मग तिच्या मैत्रिणी आल्या, मग गाड्या करून चंद्रपूरची मंडळी. आत चहा आणि बाहेर वाघ, असं संग्रहालय दुसरीकडे कुठे? धंदा चालला. बायनाबाई पुन्हा हसू लागल्या.

आता चालणारी गोष्ट म्हटली की तिची तपासणी आलीच.

"पिंजऱ्यात वाघ नाही. मान्यता रद्द होईल," तपासणी अधिकारी म्हणाले.

"वाघ आहे ना, सायेब. तुमच्या मागंच तं बसून राह्यला."

साहेबांनी वळून पाहिलं. पुढची चर्चा पिंजऱ्यात झाली.

"बाहेरचा वाघ वनखात्याचा," कडी पुन्हा एकदा ओढून पाहत साहेब म्हणाले. "तुमच्या पिंजऱ्यात तुमचा प्राणी हवा. आणि चालकाला तर आत बसायला सक्त मनाई आहे."

बायनाबाईंनी कप खाली ठेवला. "मंग मी कुठी बसू, सायेब? सरिताच्या बाबासंगं इथीच चहा पेत होतो आमी. हे जागा नोका घेऊ."

"आत कोणाले बसता येते, सायेब?" सरिताने विचारलं.

"फक्त प्राण्याला."

"मंग आईले प्राण्यात घाला ना!"

साहेबांनी सगळे नियम आठवून पाहिले. माणूस हा प्राणी नाही, असं कुठेच म्हटलेलं नव्हतं. बाहेर वाघाने जांभई दिली आणि निर्णय तातडीने झाला. पाटी बदलली: 'माणूस, मादी. स्वभाव शांत. आहार चहा.'

त्याच आठवड्यात जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी बायनाबाईंची नाडी पाहिली, डोळे पाहिले, दात मोजले. ज्या गुडघ्यापायी बाई बल्लारपूरला खेटे घालून थकल्या होत्या, त्याला फुकट औषध मिळालं. प्राण्यांना शुद्ध पाणी देणं बंधनकारक, म्हणून नळ आला. उन्हाळ्यात त्यांना ऊन लागू नये, म्हणून कूलर आला.

कूलरच्या वाऱ्यात बसून बायनाबाईंनी दुसरा कप भरला. "सरिताच्या बाबाले बी तवाच प्राण्यात घातलं असतं, तं माणूस वाचला असता वो," त्या म्हणाल्या. सरिताने पहिल्यांदाच तो कप गार होऊ न देता उचलला आणि पिऊन टाकला.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर रांग लागली. शाळेचे मास्तर म्हणाले, "बाई, मले बी घ्या. पायजे तं साळिंदरापाशी बसतो." पोस्टमन कुटुंबासह आला. सर्वांत पुढे तपासणी साहेब होते, आपल्या म्हाताऱ्या आईला धरून. तिचा खोकला जात नव्हता.

हसू नका. तुमच्याही खिडकीला गज आहेत, दाराला आतून कडी आहे. पिंजरा तयारच आहे. डॉक्टर यावेत असं वाटत असेल, तर तेवढी पाटी लावून घ्या.