दहातली बारा वर्षं

“वसुधाकाकू, गुडघेदुखीसकट दहा वर्षं जगाल, की एकदम ठणठणीत सात?”

ऑनलाइन फॉर्म काय कुणीही पाठवतं, घरी सगळे आपापला पदार्थ घेऊन पॉटलकला जमतील तेव्हा तोंडावर विचारून दाखव, अशी पैज सिया आणि आन्या ह्या मैत्रिणींनी लावली होती. अनिकाला शाळेच्या स्टॅट्स प्रोजेक्टसाठी उद्यापर्यंत तीस उत्तरं हवी होती. शिवाय हल्ली ती कुणाला घाबरत नसे.

“सात फारच कमी गं,” काकू म्हणाल्या. “साडेनऊ कर.”

“काकू, हे बार्गेनिंग नाहीये!”

“बरं, तीन द्यायचीच असतील तर ह्यांची घे.”

गुरुदत्तकाकांचा बटाटेवडा हातातच राहिला. “माझी? पण माझे गुडघे छान आहेत!”

“काका, कुणीच काही द्यायचं नाहीये, नुसतं इमॅजिन करायचं. आजार किती नकोसा आहे, ते त्यावरून मोजतात.”

“असं होय? मग माझ्या ॲसिडिटीला चार लिही!” पलीकडून सुलेखामावशी ओरडली.

“ॲसिडिटीला चार?” काकू इरेला पेटल्या. “मग माझ्या गुडघ्यांना सहा. एकेकाला!”

अनिकानं बेरीज केली. काकू दहातली बारा वर्षं देऊन बसल्या होत्या. हे कुठल्या रकान्यात लिहायचं, तिला कळेना.

तेवढ्यात बेसमेंटच्या जिन्यावरून गुडघा कट्, कट् वाजवत बाबा खुर्च्या घेऊन आला.

“बाबा, तू किती देशील?”

“तीन,” तो खुर्ची टेकवत म्हणाला. विचारसुद्धा केला नाही.

अनिका गोंधळलीच. सर्जननं गुडघा बदलायला सांगून दोन वर्षं झाली होती, आणि बाबाचं आपलं “बघू, बघू” चालू होतं.

“मग ऑपरेशन का नाही करत?”

“उजवा पाय आहे. सहा आठवडे ड्राइव्ह करता येत नाही. तुझं डिबेट, तुझं व्हायोलिन... सोडणार कोण? आई ऑफिसातून सातला येते.”

“म्हणजे तीन वर्षं देशील, पण सहा आठवडे नाही?”

“हो,” बाबा म्हणाला. “म्हणजे... हो.”

ह्या उत्तरालाही रकाना नव्हता. गाडी रिव्हर्स घेताना शेजाऱ्यांचा रस्त्याकडेचा मेलबॉक्स आडवा केल्यापासून अनिकाचं गाडी शिकण्याचं लर्नर्स परमिट दहा महिने ड्रॉवरमध्ये पडून होतं. तिनं कागद मिटला आणि वडे वाढणाऱ्या आईलाही हाक मारली.

“आई, बाबा, ऐका. तीन वर्षं कॅन्सल. बाबा उद्या सर्जनला फोन करेल, आणि शुक्रवारी मी ड्रायव्हिंग टेस्ट देणार. फायनल! तोवर मी रोज प्रॅक्टिस करणार आहे, त्यामुळे आई, शेजाऱ्यांना सांग, मेलबॉक्स आत घ्या.”