तेरा तारखेनंतरचे डबीरजी

महिन्याच्या तेरा तारखेला आमचे डबीरजी खुशीत असतात. ऑफिसात आल्याबरोबर सगळ्यांसाठी खोव्याची जिलेबी मागवतात आणि खुर्चीत जरा सैल बसतात. एक ते बारा तारखेपर्यंत मात्र त्यांचा जगावर विश्वास नसतो. कुठे नुसतं पाच-सहा लिहिलेलं असलं, तर ती पाच जून की सहा मे, हे लिहिणाऱ्याखेरीज कोणालाच कळत नाही. तेरापासून पुढे तो घोळच मिटतो.

"तेरावा महिना अजून कोणी काढला नाही, दीदी," असं ते मला दर महिन्याला सांगतात. मग थोडं थांबून, "अधिकमास सोडून," हेही सांगतात.

मी त्यांच्याहून वीसेक वर्षांनी लहान आहे, पण जबलपुरात मी सगळ्यांचीच दीदी. राइट टाउनमधल्या आमच्या छोट्या कंपनीत डबीरजी प्रोग्राम लिहितात आणि मी त्यातल्या चुका शोधते. हे काम माझ्या स्वभावाला धरून आहे, असं आमच्या घरी सगळ्यांचं मत आहे. तरी डबीरजींच्या तारखांमध्ये मला आजवर एकही चूक सापडलेली नाही. अमेरिकेला महिना आधी लागतो, आपल्याला दिवस आधी लागतो, जपानला तर वर्षच आधी. हे सगळे डबीरजींच्या एका स्क्रीनवर गुण्यागोविंदाने नांदतात. मला त्याचा अभिमान वाटतो, आणि तो मी लपवत नाही.

त्रास होतो तो स्क्रीनच्या बाहेर. मी नवीन असताना घरी सत्यनारायण होता. "तीन-चारला या," मी म्हणाले.

डबीरजींनी डोळे मिटले. "तीन एप्रिल, चार मार्च, का दुपारी तीन-चार वाजता?"

"दुपारी."

"आज?"

"हो."

"मग तसं बोलत जा ना. तुम्ही पुणेवाले बोलण्यातही कंजूष."

"कोणती?" हा त्यांचा आवडता प्रश्न. पुढच्या सोमवारी म्हटलं की कोणत्या. मागच्या दिवाळीत म्हटलं की कोणत्या. एकदा भाजीवाला त्यांना म्हणाला, "भैया, मेथी कल की है." हिंदीत कल म्हणजे कालही आणि उद्याही. डबीरजींनी जुडी हातात धरून विचारलं, "कौन सा कल? गया हुआ कि आने वाला?" भाजीवाल्याने जुडी परत घेतली.

या पावसाळ्याच्या तोंडाशी आम्ही एक ॲप करायला घेतलं. घरातले तिथीने येणारे वाढदिवस, श्राद्धं, पूजा, यांची आठवण फोनवर करून द्यायची. डबीरजींनी ते जीव ओतून लिहिलं. ॲप उघडलं की पहिलाच प्रश्न येई: तुमच्या घरी महिना पौर्णिमेला संपतो की अमावास्येला?

आमचे मालक हैराण झाले. "इतना टेढ़ा सवाल देखकर लोग भाग जाएँगे. फोन हिंदी में है तो पूर्णिमा, मराठी में है तो अमावस्या. पूछना क्या है?"

"साहब, भाषा फोन की होती है," डबीरजी म्हणाले, "तिथि घर की होती है."

शुक्रवारपर्यंत प्रश्न काढून टाका, असं मालकांनी बजावलं. डबीरजींनी शुक्रवारीच रजा टाकली. अमेरिकेचं काम असो, ताप असो, हा माणूस कधी रजा घेत नाही. मालक मला म्हणाले, "दीदी, आप जाकर समझाइए. नहीं तो मैं खुद निकलवा दूँगा."

मी स्कूटर काढली आणि कांचघरला त्यांच्या घरी गेले. दार त्यांच्या बायकोने, सरोजकाकूंनी उघडलं. काकू माहेरच्या हिंदीभाषी, पण त्यांची मराठी सासूच्या हाताखाली शिकलेली, खणखणीत. नवी साडी नेसल्या होत्या. टेबलावर खोव्याची जिलेबी होती. आज तर तेरा तारीख नव्हती.

"हळू बोला," डबीरजी म्हणाले. "आई झोपून राहिली आतमध्ये."

"काय आहे आज?"

"माझा वाढदिवस," काकू कुजबुजल्या. "आईंना सांगायचा नाही."

मग काकूंनीच सगळं सांगितलं. शाळेत मास्तरांनी वर्गातल्या निम्म्या पोरांसारखी त्यांचीही जन्मतारीख एक जुलै लिहून टाकली होती. खरी होती ती फक्त तिथी. लग्नानंतर सासूबाईंनी विचारली तेव्हा त्यांनी सांगितली, "सावन बदी पंचमी." सासूबाई वर्ध्याच्या. त्यांनी ती श्रावण वद्य पंचमी धरली. पण हिंदी घरातला सावन पौर्णिमेनंतर लगेच लागतो, आपला अमावास्येनंतर. वद्य पंचमी गेली सरळ एक महिना पुढे. जन्माष्टमी दोन्हींकडे एकाच दिवशी यायची, म्हणून कोणाच्या मनातही आलं नाही.

"पहिल्याच वर्षी मला कळलं होतं," काकू म्हणाल्या. "पण आईंनी पुरण घातलं होतं, पाट मांडला होता, ओवाळत होत्या. काहून बोलू?"

त्या कधीच बोलल्या नाहीत. आपल्या पंचमीला एकट्याच तिलवाऱ्याच्या घाटावर जायच्या, नर्मदेत दिवा सोडायच्या आणि घरी येऊन स्वयंपाकाला लागायच्या.

"आणि मी तारखांचा मास्टर," डबीरजी म्हणाले. "तपासून पाहायला हिचीच तिथी टाकली. हिचे वडील हिला सोमवारवाली म्हणायचे, सावनच्या सोमवारची म्हणून. आणि प्रोग्राम बुधवार दाखवून राहिला. आठवडाभर मी चूक शोधून राहिलो. शेवटी चहा घेताना हिला विचारलं, तू नक्की सोमवारचीच ना?"

"मी म्हटलं, सोमवारचीच. पण तुमच्या श्रावणातली नाही, आमच्या सावनातली."

चूक प्रोग्राममध्ये नव्हती, घरात होती. मी तिथूनच मालकांना फोन लावला आणि सांगितलं, प्रश्न काढलात तर ती मी चूक म्हणून नोंदवणार आणि ॲप पास करणार नाही. मालक थोडं कुरकुरले आणि तयार झाले.

डबीरजी बसल्या बसल्या काकूंच्या फोनवर ॲप टाकत होते. प्रश्न आला तसा त्यांनी मोठ्याने वाचला, "तुमच्या घरी महिना पौर्णिमेला संपतो की अमावास्येला?"

काकूंनी जिलेबीचा तुकडा खाली ठेवला. "कोणत्या घरी?"

जन्मभर दुसऱ्यांना कोणती, कोणता विचारणाऱ्या माणसाने आतल्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं, मग काकूंकडे. मग ॲप तसंच बंद केलं.

सोमवारी त्या प्रश्नाखाली तिसरा पर्याय आला: दोन्ही. तो निवडला की दोन्ही दिवशी आठवण येते.

"दोनों कौन दबाएगा?" मालकांनी विचारलं.

"दबाने वाले दबाएँगे, साहब."

पुढच्या महिन्यात डबीरजींच्या आईंनी आपल्या पंचमीला सुनेला ओवाळलं, दरवर्षीसारखं. डबीरजी ओवाळणं उरकून उशिरा ऑफिसात आले, हातात खोव्याच्या जिलेबीचा पुडा. तारीख सहा होती.