पिसं मोकळी करणारे पराते काका

आमच्या नंदनवन कॉलनीतले पराते काका हिवाळ्यात रस्त्यात भेटले, की नमस्काराच्या आधी तुमची बाही चिमटीत धरतात. तुम्ही जाकीट घालून दूध आणायला निघाला असाल, तर तिथंच थांबवून एकेक कप्पा चाचपतात. आत साधा स्पंज निघाला तर "असू द्या, असू द्या," असं सांत्वन करून सोडतात. बदकाची पिसं निघाली तर मात्र त्यांचे डोळे बारीक होतात. "डाव्या बगलेत गोळा हाये जी. कोणं धुतलं हे?"

एकदा बँकेच्या रांगेत त्यांनी पुढच्या अनोळखी गृहस्थाची पाठ दाबली आणि गंभीरपणे म्हणाले, "तीन कप्पे रिकामे हायेत तुमचे." तो बिचारा घाबरून म्हणाला, "एक्स-रे काढावा लागेल का?"

काकांची लॉन्ड्री आहे. नागपूरसारख्या गावात पिसांची जाकिटं कोण धुवायला आणणार, असं तुम्हाला वाटेल. पण आमच्याकडे घरटी एक तरी मूल थंड देशात गेलेलं आहे, आणि उरलेले लोक डिसेंबरात हिमाचलला जाऊन येतात. ती जाकिटं मग काकांकडे येतात. इस्त्रीचे शर्ट ते रेडिओ ऐकत करतात. जाकीट आलं की रेडिओ बंद.

चेन लावायची, जाकीट उलटं करायचं, कोमट पाण्यात थोडासा पातळ साबण. पिळायचं नाही, नुसतं दाबायचं. फेस संपेपर्यंत पाणी बदलत राहायचं. उचलताना दोन्ही हात खालून घालायचे, नाहीतर ओल्या पिसांच्या वजनानं आतली शिवण उसवते. दोरीवर टांगायचं तर नावच काढायचं नाही. खाटेवर आडवं पसरायचं आणि समोर कुलर लावायचा. पाणी नसलेला, बाजूच्या वाळ्याच्या ताट्या काढलेला, नुसता वारा देणारा. सगळं नागपूर उन्हाळ्यात कुलर लावतं, काका थंडीत लावतात. मग दर तासाला एकेक कप्पा बोटांनी चाचपत आतले गोळे फोडत बसायचं. असं दोन-तीन दिवस. त्या दिवसांत दुकानाला कोंबड्यांच्या खुराड्याचा वास येतो.

"पिसाले घाई नाई चालत सर," ते मला सांगत. "वरून सुकलं म्हंजे आतून सुकलं असं नसते." त्यांचे वडील हातमागावर लुगडी विणायचे आणि लहानपणी तुटलेले धागे जोडायचं काम काकांकडे असे. "तवापासून बोटाले दिसते माह्या."

कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मी काकांची नक्कल करत असे. फार छान करत असे, असं सगळे म्हणत. हे आज सांगताना बरं वाटत नाही, पण पुढचं सांगायचं तर हेही सांगायला हवं.

मागच्या हिवाळ्यात मी मनालीला जाताना माझे साडू विनायकराव यांचं जाकीट मागून नेलं. तिथं त्याच्यावर डाळ सांडली. परत आल्यावर वाटलं, एका जाकिटासाठी काकांचं प्रवचन कोण ऐकणार? मी ते घरच्या मशीनमध्ये टाकलं, भरपूर पावडर घातली, गरगर फिरवलं आणि गच्चीवर क्लिपा लावून टांगलं. संध्याकाळी पाहतो तो वरचं सगळं जाकीट पोकळ खोळीसारखं, आणि खाली कमरेशी लिंबाएवढे गोळे. बायको म्हणाली, लाटण्यानं बडवून पाहा. तेही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ते पिशवीत घालून काकांकडे नेलं. काकांनी हुंगलं. "मशीनमंदी टाकलं."

"मी नाही बुवा," मी म्हणालो. "माझ्याकडे असंच आलं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "द्या," एवढंच म्हणाले. "चार दिवस लागन."

पण दोनच दिवसांत विनायकराव एका लग्नासाठी पुण्याहून आले आणि जाकीट घ्यायला माझ्याबरोबर थेट दुकानात. जाकीट खाटेवर पसरलेलं होतं. अर्धे कप्पे फुगलेले, अर्ध्यांत गोळे.

"हे काय?" विनायकराव ओरडले.

आणि मी म्हणालो, "काकांकडे धुवायला दिलं होतं..."

तेवढंच. वाक्य मी पुरं केलं नाही. खोटं असं त्यात एक अक्षर नव्हतं, आणि त्याच्यापेक्षा मोठं खोटं मी आयुष्यात बोललो नाही.

काका खाटेवरून उठले. हात पुसले. "चुकलं जी माहं," ते म्हणाले. "उद्या दुपारपर्यंत देतो."

विनायकराव त्यांना बराच वेळ बोलले. येत नाही तर घेता कशाला, हे एक. दुसऱ्याच्या वस्तूची किंमत नाही, हे दुसरं. आणखीही होतं. मी भिंतीवरचं दरपत्रक वाचत होतो. कोट, शेरवानी, पडदे. पडद्यांपाशी आलो की पुन्हा कोटापासून सुरू करत होतो.

जाकीट दुसऱ्या दिवशी दुपारी घरपोच आलं. नव्यासारखं फुगलेलं, एकही गोळा नाही. विनायकरावांनी ते बॅगेत भरलं, आणि लग्नाच्या पंगतीत चार लोकांना सांगितलं, की त्या लॉन्ड्रीत काही देऊ नका. त्या चौघांत आमच्या गल्लीतले दोघे होते. त्यांनी पुढची जाकिटं दुसरीकडे नेली. मी पंधरा दिवस मागच्या गल्लीतून ये-जा केली.

शेवटी एका रविवारी विनायकरावांना फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, चिडतील. ते हसले. "अहो, जाकिटाचं काय एवढं! मी विसरूनसुद्धा गेलो." चिडले असते तर बरं झालं असतं. त्या दोन घरांत जाऊनही सांगून आलो. मग संध्याकाळी काकांकडे गेलो.

ते एका निळ्या जाकिटाची बाही चाचपत बसले होते.

"काका, मी साडूंना खरं सांगितलं. मशीनमध्ये मीच टाकलं होतं."

"ते मले ठाऊकच होतं. काहून सांगितलं मंग आता?"

"तुम्ही त्या दिवशी माझं नाव का नाही घेतलं?"

त्यांनी बाही मांडीवर ठेवली. "तुमचे कान लाल झाले होते जी. आपल्याच माणसासमोर माणूस असा उभा राहते ना, मले पाहवत नाई." मग त्या निळ्या जाकिटावरून हात फिरवत म्हणाले, "हे माह्या पोराचं हाये. कॅनडाहून आला होता तवाचं. मळलं दिसलं तं मी धुतलं. लॉन्ड्रीवाला बाप ना मी! गरम पाण्यात सोडा टाकून धुतलं अन् दिलं टांगून. तुमच्यासारखेच गोळे. त्याच्या सासरचे लोक बसले होते, त्यायच्यासमोर बोलला मले. जाकीट इथंच टाकून गेला. सात वर्षं झाली. याच्यावरच शिकलो मी सगळं."

"आता तर नीट झालंय. त्याला कळवलंत?"

"काय म्हणून कळवू? दिवाळीले येते त्याचा फोन, दोन मिनिटं. त्यात जाकीट कुठी काढू?"

त्यांचा फोन मी हातात घेतला. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो: 'बाळा, तुझं निळं जाकीट नीट झालं. एकही गोळा नाही. पाठवू का?' तिकडे सकाळ होती. आम्ही चहा मागवला. चहा संपायच्या आत उत्तर आलं.

'कोणतं जाकीट, बाबा?'

काकांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मला वाटलं, आता यांचं काय होणार. पण त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा झाला.

"पाह्यलं सर? त्याच्या ध्यानातच नाई! म्हंजे राग नव्हता त्याच्या मनात. मीच उगाच घेऊन बसलो होतो."

"हो काका," मी म्हणालो.

राग नव्हता, तर मग सात वर्षं तो आला का नाही, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. काकांनी निळ्या जाकिटाची घडी घालायला एक टोक माझ्याकडे दिलं, आणि मी ते दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो.