बाळारामदादांच्या विमानांची भावकी

शिरवण्यात साखरपुडा असो की दिवसकार्य, बाळारामदादा पाटील शेजारी बसलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारतात तो असा : "समजा, तुमाला उद्या कोटा किनाबालूला जावाचं झालं, तं कसे जाल?" समोरच्याला बहुधा जेवण आटोपून शेजारच्या जुईनगरला जायचं असतं. पण तो बिचारा तोंड उघडायच्या आत दादांचं उत्तर तयार असतं. आधी क्वालालंपूर, तिथे उतरायचं, मग पुढचं विमान. बँकॉकवरून गेलात तर उगाच वळसा. हे सगळं ते इतक्या अधिकाराने सांगतात की माणूस पानावर बसल्या बसल्या बँकॉकचा नाद सोडून देतो.

दादा स्वतः एकदाही विमानात बसलेले नाहीत.

मी त्यांचा भाडेकरू. मूळचा कराडकडचा, तुर्भ्याच्या मार्केटात एका पेढीवर कामाला. दादांची भातशेती शहरात गेली, बदल्यात मिळालेल्या तुकड्यावर बिल्डिंग उभी राहिली आणि दादांना भाडं गोळा करण्यापलीकडे काम उरलं नाही. रिकाम्या माणसाला काहीतरी व्यसन लागतंच. दादांना परदेशातली एक स्वस्तातली विमान कंपनी लागली. एक म्हणजे एक नव्हे, तो गट आहे. मलेशियात एक कंपनी, थायलंडात दुसरी, इंडोनेशियात, फिलिपिन्समध्ये आणखी. लांबच्या पल्ल्याची वेगळी, जवळच्या पल्ल्याची वेगळी. नाव सगळ्यांचं सारखंच.

दादांनी हे प्रकरण आपल्या पद्धतीने समजून घेतलं होतं. "भावकी हाय ती," ते मला म्हणाले. "बापाच्या मागं वाटे झाले. थोरला क्वालालंपूरला ऱ्हायला, मधला बँकॉकला गेला, धाकटा मनिलाला. चुली येगल्या, पन आरनाव एकच."

मोबाईलवर त्या भावकीचा नकाशा उघडून, दोन बोटांनी ताणून ते तासन् तास बसत. एखादी नवी लाईन सुरू झाली की मजल्यामजल्यावर पेढे. एखादी बंद झाली की चेहरा असा पडलेला, की एकदा खालच्या वाण्याने मला हळूच विचारलं, दादांकडे कोण गेलं? मी म्हटलं, सुराबायाची लाईन गेली. तो हात जोडून आत गेला.

आता या वेडाला कारण नव्हतं असं नाही. दादांची एकुलती एक मुलगी जागृती लग्न होऊन कुचिंगला असते. मलेशियाचा भाग, पण समुद्रापलीकडचा. नवरा तेलाच्या फलाटावर कामाला, महिना महिना समुद्रात. तिला दिवस गेले तेव्हा पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच होतं. पण ऐन वेळी तिचं बीपी वाढलं आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केला. 'आईला पाठवा,' जागृती फोनवर म्हणाली. मग दादांची बायको, सुनंदावहिनी, पदर खोचून म्हणाल्या, "पोर म्हायेरी येत नसंल, तं म्हायेर तिकरं जाईल."

गावाला वाटलं, आता दादांचा दिवस आला. ज्या माणसाला आशिया तोंडपाठ, तोच बायकोला घेऊन जाणार, आणखी कोण? नेमका त्याच आठवड्यात दादांचा गुडघा दुखायला लागला. जिना चढताना दुखत नसे, विमानाचा विषय निघाला की दुखे. वहिनींनी ओळखलं आणि एकच तिकीट काढायला सांगितलं.

तिकीट काढायला मी बसलो. मुंबई ते क्वालालंपूर लांबच्या पल्ल्याची कंपनी, तिथून कुचिंगला जवळच्या पल्ल्याची. दोन्ही मिळून एक जोडतिकीट मिळत होतं. थोडं महाग, पण सामान परस्पर जाणार आणि पहिलं विमान लेट झालं तर जबाबदारी त्यांची. मी बोट टेकवणार तोच दादांनी माझा हात धरला.

"भावाभावांत जोरतिकीट कनाला? दोन सुटी तिकिटं कार. एक भाव उशिरा आला तं दुसरा थांबंल. आमच्यात भावकी आल्याबिगर हलद लागते काय?"

लागत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. एका चुलत्याची गाडी तळवलीजवळ अडकली म्हणून नवरदेव पाटावर ताटकळत बसलेला. तरीही मी म्हटलं, दादा, ती कंपनी आहे. दादा हसले. मी मुकाट्याने दोन सुटी तिकिटं काढली.

वहिनी निघाल्या त्या रात्रीच विमानाने रडगाणं सुरू केलं. सहार विमानतळावरून उडायलाच उशीर. रविवार होता, मी सकाळी दादांकडे गेलो तर ते दारातच उभे. जागृतीचा फोन येऊन गेला होता. तिचं बीपी पुन्हा चढलं होतं. बाळंतपणाचं उद्या ठरलेलं ऑपरेशन डॉक्टर आजच दुपारी करणार होते. नवऱ्याला फलाटावरून यायला हेलिकॉप्टर मिळत नव्हतं.

"तिनं इच्यारलं, आई कवा पोचते?"

"मग?"

"मी बोललो, पोचतेच." दादांच्या कपाळावर घाम होता.

तेवढ्यात वहिनींचा फोन आला. दादांनी तो स्पीकरवर टाकला, दुसऱ्या हातात माझ्या मोबाईलवर नकाशा.

"उतरली. आता कुठशी जाऊ?"

दादांनी क्वालालंपूरवर बोट ठेवलं, कुचिंगपर्यंत ओढलं. "सरल जा."

"सरल भिंत हाय!"

दादांनी नकाशा ताणला. ठिपका मोठा झाला, एवढंच.

वहिनींनी हिंदी समजणारी एक बाई गाठली होती. ती सांगत होती ते वहिनी जसंच्या तसं आम्हाला ऐकवत होत्या. आधी पासपोर्टवरच्या शिक्क्याची रांग. मग पट्ट्यावरून बॅग उतरवायची. मग दुसऱ्या कंपनीच्या खिडकीवर ती पुन्हा द्यायची. पहिलं विमान उशिरा आलं त्याला दुसरी कंपनी काय करणार? "ते बोलतान, तिकीट येगला, आमचा काय संबंध नाय."

"संबंध नाय?" दादा ओरडले. "सख्खे भाव हान ते! सांग त्यांना, भावकी हाय!"

"कुनाला सांगू? इथं मशीन हाय!"

मला हसू आलं नाही. मी वेळ पाहिली. कुचिंगच्या विमानाचं दार बंद व्हायला फार अवकाश नव्हता आणि पुढच्या विमानांत रात्रीपर्यंत जागा नव्हती. मला दादांचा रागच आला, खरं सांगतो. जरा जास्तीचे पैसे टाकले असते तर ही वेळ आली नसती. पण त्यांच्याकडे पाहिलं आणि राग गिळला. ते पांढरेफटक पडले होते.

"ठिपक्याच्या आत काय असतं, ते मना कुठं म्हाईत रं," ते मला म्हणाले, बायकोला ऐकू जाणार नाही असं.

"रांगेतशी फुरं जा," ते फोनवर म्हणाले. "नाय, आधी बॅग घे. नाय, थांब..."

"तुमी फोन ठेवा," वहिनी म्हणाल्या. "तुमचं आयकत बसली तं इमान जाईल." आणि त्यांनीच ठेवला.

मग काहीच नाही. दादा घरातून गॅलरीत, गॅलरीतून घरात. पुन्हा लावला तर फोन बंद. बंद म्हणजे विमानात बसल्या, की बॅटरी गेली, की आणखी काही, कळायला मार्ग नाही. मी चहा केला, तो तसाच गार झाला.

दुपारी जागृतीचा व्हिडिओ कॉल आला. अंगात दवाखान्याचा हिरवा झगा, हाताला सुई. "बाबा, आता आत नेतान मना. आई बसली काय इमानात?"

मी दादांना खुणेने सांगत होतो, हो म्हणा. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"म्हाईत नाय गो बाय. फोन लागत नाय तिचा."

पोरीचा चेहरा वाकडा झाला. "मी एकटीच हाय इथं बाबा. काईतरी बोला ना."

आता हा माणूस पोरीला पेनांगमार्गे लाईन सांगणार, असं मला वाटलं. दादा खुर्चीत बसले. मोबाईल दोन्ही हातांनी धरला आणि हळू आवाजात बोलायला लागले. सकाळी म्हावरंवाली मासे घेऊन आलेली. जितारा चांगला होता, पन आई घरात नाय तं साफ कोन करील, म्हून घेतला नाय. शेजारच्यांची कोंबडी आपल्या जिन्यात अंडी घालते, आई गुपचूप उचलते, कुनाला सांगू नको. तुझी खोली कालच झाडली. तुझी जुनी सायकल अजून हाय, भंगारवाल्याला दिली नाय, हवा भरून ठेवलीय. पोरगी ऐकत होती, डोळे पुसत होती, मधेच हसली. मग एका नर्सचा हात आला आणि कॉल बंद झाला. दादा त्यानंतरही थोडा वेळ बोलत राहिले.

ऊन उतरता उतरता वहिनींचा फोन आला. कुचिंगवरूनच.

"पोरगी झाली. दोघी बऱ्या हान. मी पोचायच्या आधीच झाली."

दादांनी विचारलं, "इमान गावलं?"

"धावली. बॅग सोरली पट्ट्यावर."

"आनि डिंकाचे लारू? सुकट?"

"फिरतान तिकरंच," वहिनी म्हणाल्या. आठवडाभर खपून वळलेले ते लाडू. त्यांच्या आवाजात एवढंसंही वाईट वाटणं नव्हतं. "थांबा, पोर बोलते."

जागृतीचा आवाज अगदी बारीक होता. "बाबा, तुमी बोलत होताव ना, तवर मना भ्या नाय वाटलं." मग विचारलं, "तुमी का नाय आलाव?"

मला वाटलं, आता गुडघा. 

"तू 'आईला पाठवा' बोललीस," दादा म्हणाले. "मना कुनी बोलावला नाय. बालंतपनात बापाचं काय काम, म्हून मी पन काय बोललो नाय. आनि इमानाचं भ्या वाटतं मना. लय वाटतं."

"मी बोलवतंय ना आता. या."

"येतो," दादा म्हणाले. त्यांनी हातातला माझा मोबाईल, त्यावरच्या सगळ्या रेघांसकट, माझ्याकडे परत दिला आणि गंजीच्या टोकाने डोळे पुसले. "पन वाट म्हाईत नाय गो मना. इच्यारत इच्यारत येईन."