टाकीच्या झाकणावरचा सरकारी शिक्का

उघडं भांडं दिसलं की मला राहवत नाही. दोष माझा नाही, नोकरीचा आहे. लातूरचा वेगळा जिल्हा झाला, कलेक्टर कचेरी नवी, टेबलं नवी, फाइलींना अजून खळीचा वास, आणि त्यातच दुष्काळ पडला. मला बसवलं टंचाई शाखेत. 'पाण्याची भांडी झाकून ठेवावीत व बाष्पीभवन टाळावे' हे परिपत्रक गावोगाव गेलं ते माझ्या हातचं. (सही साहेबांची होती, पण 'बाष्पीभवन' हा शब्द संपूर्णपणे माझा.) तेव्हापासून मी घरात भरलेला पेलासुद्धा ताटली झाकून ठेवू लागलो. बायको, शिवकन्या, एवढंच म्हणाली की जेवताना तोंडही असंच झाकून ठेवत जा.

तर एका रविवारी मी आमची जुनी फियाट पुसत होतो. (पाण्याची टंचाई असल्यामुळे कोरड्या फडक्यानं.) टाकी आदल्याच दिवशी गच्च भरून आणली होती. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरून फडकं फिरवताना मधोमध एक भोक दिसलं. बारीक, सुई जाईल एवढं. मी हादरलोच. अख्ख्या जिल्ह्याला झाकणं लावायला शिकवणारा मी, आणि माझ्याच दारात पेट्रोल दिवसाढवळ्या आभाळात चाललं होतं!

कचेरीतली लाखेची कांडी घरात होती. (का होती ते विचारू नका.) शिवकन्येच्या पळीत लाख वितळवली आणि झाकणावर ओतली. जरा जास्तच झाली. भोक बुजवून ती कडेनं खाली ओघळली आणि झाकण आणि गाडी यांचा एकजीव झाला. तो लाल गोळा मला बोडका वाटू लागला. लाख दिसली की माझा हात आपोआप शिक्क्याकडे जातो. शाखेचा पितळी शिक्का बॅगेत होता, तो दाबला. नव्या जिल्ह्याचं नाव काय सुरेख उठलं म्हणून सांगू! मी दोन पावलं मागे सरकून बघत राहिलो. ऊर भरून आला.

दुसऱ्या दिवशी माझी मेहुणी रुद्राणी हिची विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मुलाखत होती. दुपारी बाराला नावं पुकारणार, जो हजर नसेल त्याची जागा पुढच्याला. सासऱ्यांनी पोरीला साफ सांगितलं होतं, जागा मिळाली तर शीक, हुकली तर निलंग्याचं स्थळ बघून ठेवलंय. त्या स्थळाला मी पाहिलं होतं. माणूस बरा होता, पण रुद्राणी लहानपणी घड्याळं उघडून परत जोडायची आणि हा माणूस घड्याळात वाजले किती ते दुसऱ्याला विचारायचा.

"येष्टीनं जाऊ," शिवकन्या म्हणाली. "पहाटंची गाडी हाय."

"दारात मोटार असताना एसटी?" मी म्हणालो. इथं सगळं फसलं.

चाकूरपर्यंत गाडी झकास गेली. शिवकन्या माझ्या शेजारी, रुद्राणी मागे सर्टिफिकेटांची पिशवी मांडीवर घेऊन. चाकूर सोडलं आणि गाडीला उचकी लागली. दोन आचके दिले आणि गप्प. मी खाली उतरलो, बॉनेट उघडलं आणि आत बघितलं. (बॉनेट उघडून आत बघायचं असतं, एवढं मला येतं.) थोडा वेळ गेला आणि गाडी आपली आपण सुरू झाली.

"तापली होती," मी जाणकार आवाजात सांगितलं.

पुढं पुन्हा तेच. उचकी, आचके, मुक्काम, मग पुन्हा सुरू. रुद्राणी मागून म्हणाली, "दाजी, टाकीतलं पेट्रोल कमी झालं की तिथं हवा कुठून येते?"

"अगं, पेट्रोलची टाकी आहे ती, हवेची नाही," मी म्हणालो आणि बॉनेटमध्ये बघत राहिलो.

अहमदपूर आलं तेव्हा बारा वाजायला फार वेळ उरला नव्हता. गाडीनं थेट एका गॅरेजसमोर जीव सोडला. मालक दगडोबा हातातला पाना पुसत आला.

"टाकी बघू द्या," तो म्हणाला आणि मागे गेला. लाल शिक्का दिसताच त्याचा हात तिथंच थबकला. "साहेब, ही जप्तीची गाडी हाय का?"

"छे! घरची आहे."

"घरची हाय मग कलेक्टरचं सील कशापायी?" तो चार पावलं मागे सरला. "आपुन न्हाई हात लावत बुवा. मागं एका गोदामाचं सील तुटलं तर चौकशी माझ्या मेव्हण्यापर्यंत आली."

गर्दी जमली. सगळे झाकणाकडे आ वासून बघत होते. एका म्हाताऱ्यानं चपला काढून शिक्क्याला हात जोडले. खरं सांगतो, अशा अडचणीतही मला क्षणभर अभिमान वाटला.

शिवकन्या उतरून मागे आली. तिनं लाख बघितली, मग मला बघितलं. "ह्ये कुणी केलं?"

"भोक होतं. पेट्रोल उडून जात होतं."

"माझी पळी ह्याच्यापायी लाल झाली होय! तोडा ते."

"शासकीय सील तोडणं गुन्हा आहे."

"लावलं कुणी?"

"मी."

"मग तोडा की."

"लावण्याचं काम माझ्याकडे आहे," मी आवाज खाली आणून म्हणालो, "तोडायचे अधिकार वरिष्ठांना आहेत."

मागच्या सीटवर रुद्राणी पिशवी छातीशी धरून बसली होती. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. तरी माझा हात शिक्क्याकडे जाईना.

"गोड्या तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येतंय का?" शिवकन्या म्हणाली. "हवेला दुसरं पाडावं लागतंय. बारक्या पोरीला बी ठावं हाय. इतका येळ काय बघून राहिलात त्या बॉनेटात?" आणि तिनं दगडोबाच्या हातातला पाना घेतला, एका दणक्यात सील फोडलं आणि झाकण पिळून उचललं.

सूंऽऽऽ असा आवाज झाला. बुडता माणूस वर येऊन श्वास घेतो तसा गाडीनं लांबलचक श्वास घेतला. दगडोबानं कानाला हात लावला. शिवकन्येनं पदराची पिन काढून भोकातली लाख टोकरली आणि झाकण लावलं. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

लोह्याच्या रस्त्यानं गाडी वाऱ्यासारखी पळाली. रुद्राणी डोळे कोरडे करून मला समजावत होती. झाकणानं धूळ आत जाऊ द्यायची नाही, पेट्रोल बाहेर सांडू द्यायचं नाही, आणि तरी हवेला चोरवाट ठेवायची. आतला रबरी वायसर चिरला का बघायचं, भोक साफ ठेवायचं, बस्स. मी थक्क होऊन ऐकत होतो. एवढंसं झाकण आणि एकाच वेळी तीन कामं! आमच्या कचेरीत तीन माणसं मिळून एक काम करतात. पण त्याहून मी शेजारी बसलेल्या बाईकडे बघून थक्क झालो होतो. इतकी वर्षं संसार केला आणि ही बाई कोण आहे ते मला अहमदपूरला कळलं.

विष्णुपुरीला पोचलो तेव्हा रुद्राणीचं नाव पुकारत होते. ती पळत आत गेली. आम्ही दोघं गाडीजवळ उभे. मी मनातल्या मनात माहूरच्या रेणुकामातेला काय काय कबूल केलं ते सांगत नाही.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली ती हसतच. जागा मिळाली होती! मागोमाग एक वयस्क प्राध्यापकही हसत येत होते. ती घाईघाईनं माझ्या कानाशी लागली, "दाजी, इतक्या ऐनवेळी का आलीस म्हणून विचारलं त्यांनी. मी झाकणाचं सगळं सांगितलं. लई खूश झाले. पण तुमची इज्जत ऱ्हावी म्हणून, ड्रायव्हरनं केलं असं सांगितलंय."

तेवढ्यात प्राध्यापक पुढं आलेच. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं. "तूच का रे तो ड्रायव्हर?"

पोरीची जागा नुकतीच पक्की झाली होती. तिला खोटं कसं पाडू? "होय साहेब," मी म्हणालो आणि सलाम ठोकला.

ते शिवकन्येकडे वळले. "बाई, रागावू नका, पण असला माणूस काढून का टाकत नाही?"

"लईदा मनात आलं, साहेब," शिवकन्या गंभीरपणे म्हणाली, "पर माझ्या बापानं शोधून दिलेला हाय."

मी दार उघडून उभा राहिलो. सकाळी माझ्या शेजारी बसून आलेली बायको पदर सावरत ऐटीत मागच्या सीटवर बसली, आणि लातूर येईपर्यंत काही पुढं आली नाही.