वाचून दाखवले, बरोबर आहे

जळगावात मे महिन्याच्या भर दुपारी गोधडी पांघरून बसणारा माणूस मी एकच पाहिला आहे. ते म्हणजे रघुनाथनाना. पंखा बंद, कूलर बंद, खिडक्या बंद आणि डोक्यावरून गोधडी. आतून आवाज येतो, "मग आम्ही नदीत झिरे खोदायचो. येथे बकरी ओरडते. झिऱ्याचं पाणी गोड असायचं."

नवखा माणूस घाबरतो. त्याला वाटतं, म्हाताऱ्याला थंडीताप भरलाय. मी घाबरत नाही, कारण ती गोधडी माझ्याच सल्ल्याने आलेली आहे.

माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान नानांच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. नाना कोर्टातून रिटायर झालेले स्टेनो. उभा जन्म लोक बोलले आणि नानांनी लिहिलं. आपल्या पदरचा एक शब्द त्यांनी कधी घातला नाही, याचा त्यांना कोण अभिमान. "शकीलभाऊ, जसंच्या तसं," हे ते दिवसातून दहा वेळा तरी म्हणतात.

कोर्टात साक्षीदाराचं बोलणं टाइप झालं की ते त्याला वाचून दाखवतात. त्याने मान्य केलं की खाली लिहितात, 'वाचून दाखवले, बरोबर आहे.' नानांनी ही पद्धत घरी आणली, बाजारातही नेली. भरताची वांगी घेताना ते भाजीवालीला तिचंच बोलणं ऐकवतात. "तुम्ही म्हणालात, वांगी आजची आहेत, आत कीड निघणार नाही. वाचून दाखवले, बरोबर आहे?" ती बिचारी एवढ्या कबुलीला घाबरून म्हणते, "नाना, तुम्ही दुसरीकडून घ्या."

दोन वर्षांपूर्वी नानांची बोटं थरथरायला लागली. तेव्हा धुळ्याचे एक प्राध्यापक त्यांना साक्रीकडच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्यांच्या मुलाखती पाठवायचे. ऐकून टाइप करायच्या. एक बटण दाबायला गेलं की नानांची तीन दाबली जात. एके दिवशी दुकानात येऊन बसले. "बोटं गेली. कान शाबूत आहेत. काहीतरी करा, पण नवीन वस्तू घ्यायला लावू नका."

माझ्या खणात मेलेल्या फोनांची कमी नाही. एक काच फुटलेला काढला. त्याच्यावर मुलाखत लावायची आणि इअरफोनने ऐकायची. दुसऱ्याचा स्पीकर गेलेला, पण माइक ठणठणीत. नानांनी ऐकलेलं वाक्य त्याच्यासमोर स्पष्ट बोलायचं, तो टाइप करणार. रेकॉर्डिंग सरळ त्याला ऐकवून पाहिलं, पण खेड्यातलं बोलणं, वारा, कोंबड्या हे त्याच्या पचनी पडेना. मध्ये माणूस लागत होता. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आत येऊ नयेत म्हणून मी गोधडी सुचवली. मला वाटलं होतं, ते खिडकीला लावतील.

पहिल्या दिवशी मोठी पंचाईत झाली. नानांना सांगायला जमेना. सांगणारे ते साहेब, आपण लिहिणारे, हे हाडात मुरलेलं. शेवटी ताठ बसून, घसा खाकरून, जुन्या साहेबांच्या आवाजात ते फोनला म्हणाले, "हं, घ्या." फोनने 'हं घ्या' टाइप केलं. नाना खूश झाले. "माणूस चांगला आहे," म्हणाले, "पदरचं काही घालत नाही."

प्राध्यापकांचा एकदा फोन आला, ती बकरी तेवढी काढा. नानांनी विचारलं, "ओरडली की नाही ओरडली?" बकरी राहिली.

असं चाललं होतं, आणि मागच्या वर्षी सिंधूकाकूंना अर्धांगवायू झाला. काकू म्हणजे नानांच्या मंडळी, माहेर साक्रीकडचं. नाना जेवढे कमी बोलणारे, तेवढ्या काकू बोलक्या. मी दारात दिसलो की आतून अहिराणीत हाक यायची, "शकील, बठ्ठं गरम शे, जेवी ले." आता त्यांच्याजवळ एकच शब्द उरला आहे. हाव. आपण 'हो' म्हणतो, ते हाव. पटलं तर म्हणतात. नाही पटलं तर गप्प राहतात.

मुलगी माधुरी सुरतेला. सातवा महिना, आणि डॉक्टरांनी अंथरुणावरून उठायचं नाही म्हणून सांगितलेलं. याआधी तिची दोन गरोदरपणं अर्ध्यातच संपली होती. तिने वडिलांना कळवलं, 'बाबा, आई काय म्हणते ते रोज लिहून पाठवा. तुमचं नको, तिचं. जसंच्या तसं.'

एकदा नानांचा फोन अडकला म्हणून तो माझ्याकडे आला. चालू केल्यावर समोर माधुरीला पाठवलेला मजकूर दिसला. 'आज वरणभात खाल्ला. समोरच्यांची मांजर येऊन बसली होती. तू पाय खाली सोडून बसू नको.' आणि खाली, 'वाचून दाखवले, बरोबर आहे.'

मला राहवलं नाही. म्हटलं, "नाना, काकू एवढं कुठं बोलतात? तुमचं जसंच्या तसं गेलं कुठं?"

नाना चिडले नाहीत. "उद्या दुपारी या," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गेलो. गोधडी काकूंच्या पायांवर होती. नाना खाटेशेजारी खुर्ची घेऊन बसले. फोनला म्हणाले, "हं, घ्या. आज दूधभाकर खाल्ली." मग तेच काकूंना त्यांच्या बोलीत वाचून दाखवलं.

"हाव," काकू म्हणाल्या. ओळ राहिली.

"उजवा हात आता बरा आहे." काकू गप्प. नानांनी ओळ खोडली.

मला माझ्या कालच्या बोलण्याची लाज वाटली. हा माणूस दिवसभर तिच्याकडे बघत होता आणि तिच्या मनात काय असेल त्याचा अंदाज बांधत होता. तरी तिने कबूल केल्याशिवाय एक ओळ पुढे जाऊ देत नव्हता.

"माझी काळजी करू नको," नाना म्हणाले. काकू गप्प. त्यांनी पुन्हा वाचलं. काकूंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

नानांनी फोन खाली ठेवला. मग काकूंकडे वाकून हळूच विचारलं, "पोरले देखानं शे का तुले?"

काकूंनी चांगल्या हाताने त्यांची बाही धरली. "हाव," म्हणाल्या. "हाव. हाव."

नानांनी फोन उचलला. "मला तुला बघायचं आहे," असं सांगितलं. फोनने टाइप केलं. नानांनी वाचून दाखवलं, काकूंनी पुन्हा कबूल केलं. अख्ख्या मजकुरात एवढी पक्की ओळ दुसरी नव्हती.

मग नाना माझ्याकडे वळले. "सुरतेहून थेट गाडी आहे," ते म्हणाले. "हे वाचलं की ती त्याच दिवशी गाडीत बसेल." ते ओळ खोडायला गेले, पण बोट भलतीकडेच पडत होतं. दोनदा, तीनदा. शेवटी फोन माझ्या हातात दिला. "शकीलभाऊ, ही ओळ तुम्ही काढा. माझ्या बोटाने निघत नाही."

मी काढली. काकू माझ्याकडे बघत होत्या. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

उरलेला मजकूर नानांनी पाठवला. खाली काही लिहिलं नाही.

पाच मिनिटांत माधुरीचं उत्तर आलं. 'बाबा, आज खालची ओळ लिहायची राहिली का?'

नाना ताठ बसले. घसा खाकरला. "हं, घ्या," म्हणाले. फोनने थोडा वेळ वाट पाहिली आणि माइक आपोआप बंद झाला.